गूळ संपलाय, पावणं

हौसा, तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी चौदा वेळा घराबाहेर पडलो आणि चौदाही वेळा परत आल्यावर उंबऱ्याबाहेर थांबलो. चपला काढायच्या, पिशवी डाव्या हातात घ्यायची आणि आतून कुणी "या पावणं" म्हणेपर्यंत उभं राहायचं, ही सवय इतकी मुरली आहे की पाय आपोआप थांबतात. काल आपली मंगल आतून म्हणाली, "अण्णा, बाहेर का उभे? आत या ना." मी आत गेलो. पण नऊ वर्षं मी ज्या घरात शिरत होतो ते हे नव्हतं.

मला लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे. कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून मी आयुष्यभर गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन आणि वेळ एवढंच लिहिलं. म्हणून हेही तसंच लिहितो, जे जसं झालं त्या क्रमानं. मला तुझ्याशी दोन संध्याकाळींबद्दल बोलायचं आहे. एक नऊ वर्षांपूर्वीची आणि एक तेरा दिवसांपूर्वीची. मधल्या काळात रोज भेटत होतो, पण हे बोलणं राहून गेलं.

गळीत हंगाम सुरू झाला की माझ्या घरी येण्याला वेळकाळ राहायचा नाही. उसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून ओढ्यापर्यंत जायची, आणि रांग सरल्याशिवाय काट्यावरून उठता यायचं नाही. मग कधी दुपारी, कधी दिवेलागणीला मी यायचो, अंगाला मळीचा वास घेऊन, आणि तू कमरेवर हात ठेवून दारात उभी असायचीस.

"या पावणं. कुणाकडं आलात?"

"हौसाबाई राहतात ना इथं, त्यांच्याकडं."

"त्यांचं मालक घरी नसत्यात. कारखान्यातच नांदत्यात ते."

"मग पाणी तरी द्या, बाई."

तू तांब्या आणायचीस आणि अगदी गरीब तोंड करून म्हणायचीस, "गूळ-पाणी द्यायची रीत हाय, पन गूळ संपलाय, पावणं. साखरंच्या कारखान्यानं आमाला गूळ ठिवलाच न्हाई."

"कारखान्याला सांगतो, बाई. उद्या पाठवतील."

हे माझं वाक्य. ते म्हटल्याशिवाय तू दारातून बाजूला व्हायची नाहीस. ते म्हटलं की हसायचीस, माझ्या हातातून डबा घ्यायचीस आणि आपलं घर पुन्हा आपलं व्हायचं. फडताळात गूळ कायम असायचा. पण खेळात तो मला कधी मिळाला नाही. सोळा वर्षांत एकदाही नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे.

त्या वर्षी माघात तुला ताप आला. पहिल्या दिवशी शंभर पॉइंट सहा, दुसऱ्या दिवशी एकशे एक, तिसऱ्या दिवशी सकाळी एकशे एक पॉइंट चार. डोकं ठणकत होतं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हंगामात निम्म्या गावाला ताप असतो. मी पाळी बदलून घेतली होती, सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी तू दोनदा म्हणालीस, "कुठंतरी नाचणी करपतीया." मी चुलीपर्यंत जाऊन आलो. चूल गार होती, आणि आपल्या ऊसपट्ट्यात नाचणी भाजणार तरी कोण. वहीत लिहिलं: नाचणीचा वास येतो म्हणते. चूल विझलेली. लिहिण्यासारखं वाटलं म्हणून लिहिलं. कुणाला विचारण्यासारखं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा चाळीसला मी घरी आलो. पलीकडच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याचा धूर खाली बसला होता, आणि त्या धुरात ऊन शिरून सगळं अंगण मधाच्या रंगाचं झालं होतं. अंथरुणावर असायला हवी ती तू दारात उभी होतीस.

"या पावणं. कुणाकडं आलात?"

माझा जीव भांड्यात पडला. थट्टा करते म्हणजे उतार आहे. मी म्हटलं, "हौसाबाईंकडं."

"त्या न्हाईत हितं," तू म्हणालीस. आत गेलीस आणि पाण्याचा तांब्या घेऊन आलीस. ताटलीत गुळाचा खडा होता.

तो मी तोंडात टाकला. आज हिनं खेळात काहीतरी नवीन घातलं, असं वाटून मी मोठ्यानं हसलो. तूही थोडी हसलीस, परक्या माणसाच्या हसण्याचा मान ठेवावा तशी. त्या संध्याकाळी मी थर्मामीटर लावला नाही. वहीत संध्याकाळच्या रकान्यात लिहिलं: बरी. थट्टा करते.

ती वही अजून आहे. भरलेल्या गाडीत वीस किलोचा फरक असला तर मी काट्याकडे न बघता ड्रायव्हरच्या तोंडावरून ओळखायचो. ताटलीतला तो खडा मला ओळखता आला नाही.

सकाळी तू मंगलकडे बघून विचारलंस, "ही पोरगी कुणाची?" मंगल तेव्हा पंधराची होती. ती हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. थोड्या वेळानं तुझ्या तोंडाची उजवी कड ओढायला लागली आणि हात झटके देऊ लागला. नऊ वाजता जीप मिळाली. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. म्हणजे तुझ्या "या पावणं"पासून बरोबर सतरा तास.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. माझी वही त्यांनी उभ्यानंच वाचली आणि नाचणीच्या ओळीवर बोट ठेवलं. "हा वास त्यांना खरंच येत होता. बाहेरून नाही, आतून. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, तिथं वास आणि आठवणी शेजारी राहतात. तिथंच सूज आलेली असावी." मी विचारलं, कशानं. तर म्हणाल्या, बहुतेक विषाणूनं, आणि तोही अनोळखी नाही. ताप उतरताना ओठाच्या कडेला फोड येतो ना, त्याच जातीचा. अनेकांच्या अंगात तो आयुष्यभर गुपचूप पडून असतो. क्वचित एखाद्याच्या मेंदूत शिरतो. "का शिरतो, ते आम्हालाही नीट माहीत नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं. मला त्यांचा विश्वास तिथंच वाटला.

डोक्याचा स्कॅन झाला, पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासायला गेलं. पण औषध त्यांनी त्याआधीच चालू केलं. मी म्हटलं, रिपोर्ट येऊ द्या की. त्या म्हणाल्या, "रिपोर्टची वाट बघत बसले, तर रिपोर्ट बरोबर येईल आणि पेशंट हातातून जाईल. संशय आला की हे औषध द्यायचं असतं. नंतर दुसरंच निघालं तर बंद करता येतं."

दर आठ तासांनी एक बाटली, तासभर थेंब-थेंब. एकवीस दिवस. त्रेसष्ट बाटल्या झाल्या. त्यांतला एकही डोस उशिरा झाला नाही, कारण वेळ मी बघत होतो. त्या औषधानं मूत्रपिंडाला त्रास होऊ नये म्हणून पाणी भरपूर जायला हवं होतं, आणि गेलेलं-आलेलं दोन्ही मापानं लिहायचं होतं. तेही मी लिहिलं. नर्सताई म्हणायच्या, "काका, तुम्हाला इथंच नोकरी देऊ." मी मोजत होतो, कारण मोजणं थांबलं की ते सतरा तास समोर येऊन बसायचे.

एकदा डॉक्टरीणबाईंना विचारलंच. "आदल्या संध्याकाळी आणलं असतं तर किती फरक पडला असता?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाज सांगितला तर तुम्ही तो आयुष्यभर धरून बसाल," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगते. या आजारात लवकर आलेलं बरं. त्या वाचल्या आहेत. आता ज्या आहेत त्यांना घरी न्या."

मग मी तुला घरी आणलं, आणि तू माझ्या घरी पाहुणी म्हणून आलीस की मी तुझ्या, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

आपल्या लग्नापासून पुढचं सगळं गेलं होतं. तुझ्या माहेरची, डिंगोऱ्याची विहीर होती, तुझी आई होती, चिंचेखालची शाळा होती. मंगल तुला तुझी धाकटी बहीण वाटायची. मी कोण, हे सकाळी सांगितलं तर दुपारपर्यंत टिकायचं नाही. हातांना मात्र सगळं आठवत होतं. भाकरी तशीच गोल यायची, तवा तसाच कळायचा. फक्त ज्या घरात तू भाकऱ्या थापत होतीस ते कुणाचं, हे तुला माहीत नव्हतं. तू घरात अशी वावरायचीस जशी झोपेत माणसं वावरतात, कशालाही धक्का न लावता.

रोज संध्याकाळी मी दारात थांबायचो. "या पावणं," तू म्हणायचीस. कुणाकडं आलात, हे आता विचारायची नाहीस. मी रोज येणारा पाहुणा झालो होतो. मग तांब्या यायचा, ताटलीत गुळाचा खडा यायचा. न चुकता. खरा पाहुणा आहे म्हटल्यावर गूळ हवाच. मी अंदाज केला आहे, नऊ वर्षांत असे तीन हजार खडे तरी खाल्ले असतील. एकही गोड लागला नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. पहिल्या वर्षी लागला नाही. पुढं लागायला लागला.

गावानं ठरवलं की हौसाला मेंदूचा ताप आला, म्हणजे आता साथ येणार. शेजारच्या ताराबाई पदरानं नाक झाकून यायच्या. "भाऊ, आमच्या पोरांस्नी न्हाई ना व्हनार?" मी त्यांना बसवून सांगायचो. हिचा आजार एकाचा दुसऱ्याला झाला असं सहसा होत नाही, आणि यात डासाचाही संबंध नाही. डासानं पसरणारा मेंदूज्वर वेगळा, त्याच्यासाठी मच्छरदाणी वापरायची, पाणी साचू द्यायचं नाही, आणि जिथं तो असतो तिथं त्याची लसही असते. गोवरासारख्या आजारानंही कधीकधी मेंदूला सूज येते, म्हणून गोवराची लस चुकवायची नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर जखम साबणानं भरपूर धुवायची आणि त्याच दिवशी सुई घ्यायला जायचं. "आन् हौसाला झाला त्याची लस?" ताराबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "त्याची नाही अजून. त्याला घड्याळ हाच उपाय." ताराबाईंचा नातू नऊ महिन्यांचा झाला तेव्हा त्याला घेऊन मीच आरोग्य केंद्रात गेलो. त्या म्हणाल्या, "तुमी लई मागं लागता, भाऊ." मी लागतोच.

काट्यावर येणाऱ्या ड्रायव्हरांना मी तुझी गोष्ट सांगायला लागलो. गाडी तोलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सांगून व्हायची. ताप आहे आणि माणूस वेगळंच बोलायला लागलं, ओळखीचं माणूस ओळखेना, नसलेला वास यायला लागला, झटका आला, तर हसायचं नाही, वाट बघायची नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. बाबू ड्रायव्हर म्हणायचा, "साहेब, वजन सांगा, डॉक्टरकी नको." दोन हंगामांनंतर तोच बाबू काट्यावर गाडी लावून खाली उतरला. त्याच्या भावाला ताप होता, आणि जेवताना भाऊ त्याला म्हणाला, "तू ताटाला हात लावू नको, हे सायबाचं ताट हाय." बायका हसल्या. बाबू म्हणाला, "मी बी हसणार व्हतो, राव. तेवढ्यात तुमचा गुळाचा खडा आठावला." त्यानं ट्रॅक्टर तिथंच सोडला आणि जीप केली. भाऊ तीन आठवड्यांनी चालत घरी आला, नाव-गाव सगळं सांगत. त्या दिवशी मी तुझ्याकडून दोन खडे मागून घेतले. तू म्हणालीस, "आज पावणं खुशीत दिसत्यात."

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. तुला सांगितली नाही. तू आजारी पडत होतीस आणि मी हसलो, हे तुझ्यासमोर म्हणायचं होतं. पण ज्या हौसाची माफी मागायची ती समोर नव्हती, आणि जी समोर होती तिचा मी काही गुन्हा केला नव्हता.

तळेघरची आपली फेरी तुला आठवत नसेल. मला ती सगळी आठवते, म्हणून दोघांच्या वाटची लिहितो. तुझी मावशी तिकडं डोंगरात दिली होती. लहानपणी तू तिच्याकडे राहायचीस, म्हणून मला वाटलं की तिथं गेल्यावर काही उजळेल. एसटीनं अर्ध्यावर सोडलं, पुढचं चालत. पाऊस नुकताच उघडला होता, भातखाचरांत पाणी थांबलं होतं, आणि धुकं इतकं खाली होतं की आपण दोघं त्या पाण्यातल्या आभाळावरून चालतोय असं वाटत होतं. मी पावलं मोजत होतो. चौदाशेपर्यंत मोजली, मग तू बोलायला लागलीस आणि राहिलं.

"पावणं, तुमचं लगीन झालंय?"

"झालंय."

"मंडळी कुठं असत्यात?"

"घरीच. बरी नसते जरा."

"मग तिला टाकून असं हिंडता व्हय?"

"तिला घेऊनच हिंडतो."

तू माझ्या मागं बघितलंस. धुक्यात कुणी नव्हतं. "लई इनोदी हाय तुमी," म्हणालीस, आणि मग हळूच सांगितलंस, "मला बी बघून गेल्यात. कारखान्यातला हाय म्हनं. गूळ-पाणी मीच दिलं. खडा खाल्ला आन् पाणी असं प्याला, जसं मोजूनच."

माझे पाय थांबले. "मग? काय कळवलं त्यांनी?"

"निरोप न्हाई आला अजून."

हौसा, आपला एक जुना वाद होता. मी म्हणायचो, तुला बघायला आलो त्या दिवशी तू एक शब्दही बोलली नाहीस. तू म्हणायचीस, बोलले होते. सोळा वर्षं तो वाद चालला आणि कुणीच मागं हटलं नाही. त्या धुक्यात मी विचारलं, "तू काही बोललीस का त्याच्याशी?"

"बोलले की. या पावणं, म्हनले." मग तू नाक उडवलंस. "त्याला आयकू गेलं का न्हाई, काय म्हाईत. खाली बघून बसला व्हता."

वाद मी हरलो होतो. कबूल करायचं कुणाजवळ, ते कळेना. मी एवढंच म्हटलं, "निरोप येईल. पसंत आहे म्हणतील."

"तुमाला काय म्हाईत?"

"ओळखीतला आहे माझ्या."

तू लाजलीस. सदतीस वर्षांची बाई अठराव्या वर्षासारखी लाजलेली मी पाहिली. पुढं मावशीच्या घरी चुलीवर नाचणीची भाकरी करपली होती, तो वास दारातच आला, आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "आला का वास? मी सांगत व्हते ना." ते तू कुणाला सांगत होतीस, कधीचं सांगत होतीस, मी विचारलं नाही. "आला," म्हटलं. तीन वर्षं उशिरा का होईना, तो वास मला आला.

तेव्हापासून तुझ्या गुळाकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. तू रोज त्याच मुलाला गूळ देत होतीस, ज्याचा निरोप यायचा होता. मला रोज नव्यानं बघायला जाता येत होतं. लग्नाआधीची डिंगोऱ्याची हौसा, विहिरीत उडी मारणारी, मास्तरांची नक्कल करणारी, एरवी मला कधीच भेटली नसती. ती या आजारानं मला भेटवली. याबद्दल आजाराचे आभार मानवत नाहीत. तुझे मानतो.

आता दुसरी संध्याकाळ.

तेरा दिवसांपूर्वी, सहा वाजून दहा मिनिटांनी मी दारात थांबलो. पुन्हा हंगाम, पुन्हा पाचटाचा धूर. "या पावणं," तू म्हणालीस. तांब्या आणलास. हातात ताटली नव्हती. मी वाट बघितली.

"गूळ संपलाय," तू म्हणालीस.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. आणि मी काय केलं? मी तुझ्या शेजारून आत गेलो, फडताळातला डबा काढला, झाकण उघडून तुझ्यापुढं धरला आणि म्हटलं, "संपलेला नाही. हा बघ. पाऊण डबा आहे."

तू डब्यात बघितलंस. "आसं व्हय," म्हणालीस. एक खडा काढून माझ्या हातावर ठेवलास. मी तो खाल्ला. वहीत काही लिहिलं नाही, कारण ताप नव्हता.

चार दिवसांनी सकाळी, चूल पेटवायच्या आधी, तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. आधी काहीच झालं नव्हतं, निदान मला दिसेल असं काही.

पाचव्या दिवशी मी मंगलला ती संध्याकाळ सांगितली. ती आता लेकुरवाळी आहे, तिनं भाजी निवडता निवडता ऐकलं आणि हात थांबवला. "अण्णा, ते तर तुमचं दोघांचं होतं ना? गूळ संपलाय, कारखान्याला सांगतो?"

"हो."

"मग आईला ओळख पटली होती तुमची."

"तसं म्हणता येणार नाही," मी म्हटलं. "रोज देते हेच विसरली असेल. किंवा डबा कुठं ठेवला ते. आजारच तसा होता."

"हसत होती का ती? तोंड कसं होतं तिचं?"

"मी डब्याकडं बघत होतो."

मंगल पुन्हा भाजी निवडायला लागली.

मी दोन्ही बाजू तोलून बघितल्या आहेत. तू विसरली असशील, हे शक्य आहे, आणि जास्त शक्य तेच आहे. नऊ वर्षांत जे एकदाही वर आलं नाही ते एका संध्याकाळी, एका वाक्यापुरतं वर यावं, हेही अशक्य नाही. गाडी भरलेली तोलली होती, रिकामी तोलायची राहिली आणि निघून गेली. अशा वेळी वहीत फरकाचा रकाना कोरा ठेवतात, अंदाजानं भरत नाहीत. मीही भरणार नाही. मला खात्रीनं एवढंच लिहिता येतं: पहिल्या संध्याकाळी तुझा आजार होता आणि मी त्याला थट्टा समजलो. दुसऱ्या संध्याकाळी थट्टा असेल, तर मी तिला आजार समजलो. दोन्ही वेळा तू दारात उभी होतीस आणि दोन्ही वेळा मी तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

आणि थट्टा असेल, तर तू चार दिवस माझ्या वाक्याची वाट बघितली असशील. ते म्हटल्याशिवाय तू दारातून बाजूला होत नाहीस, हे मला माहीत होतं.

आज मंगल तिच्या घरी जुन्नरला गेली. संध्याकाळी मी ओढ्यापर्यंत जाऊन परत आलो. दारात थांबलो, चपला काढल्या, पिशवी डाव्या हातात घेतली. आत फडताळात डबा आहे, अजून पाऊण भरलेला. त्याला मी हात लावलेला नाही. धूर खाली बसला होता, ऊन त्यात शिरलं होतं. या वेळी मी मान वर करून दाराकडे बघितलं, जिथं तुझं तोंड असतं तेवढ्या उंचीवर.

कारखान्याला सांगतो, बाई. उद्या पाठवतील.